दिवाळीच्या घरगुती वस्तूंची मापे छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या आणि इतरही दैनिकांच्या पुरवण्यांत घरच्या कंदिलाचे, कमी खर्चातल्या फराळाचे, स्वस्तातल्या भेटवस्तूंचे लेख येऊ लागतात. छायाचित्रे सुरेख असतात. मजकुरात मात्र ‘आवडीनुसार कागद घ्या’, ‘पाणी लागेल तसे’, ‘मीठ चवीपुरते’ एवढेच सापडते. ज्याला येते त्याला तेवढे पुरते. ज्याला येत नाही त्याचा कागद फाटतो, चकली तुटते, वाया गेलेल्या सामानाचे पैसे धरले तर विकतचेच परवडले असते असा हिशेब निघतो आणि पुढच्या वर्षी तो त्या वाटेलाच जात नाही. हात राखून दिवाळी करणाऱ्या घराला सगळ्यांत महाग पडते ती नासधूस. म्हणून या पत्रात मापे देत आहोत आणि कुठे काय बिघडते तेही लिहीत आहोत. सांगली-मिरजेत सहज मिळणाऱ्या सामानापुरतेच लिहिले आहे.

आधी कंदील. पारंपरिक कंदील अवघड वाटतो, पण त्याचा सांगाडा म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेले सहा सारखे चौकोन. चोवीस कामट्या, बारा जोड. बुरुडाकडून साधारण अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या बांबूच्या कामट्या आणा आणि प्रत्येकी २१ सें.मी. लांबीच्या कापा. दोन्ही टोकांपासून अर्धा-अर्धा सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणेवर दोऱ्याने फुलीसारखे गुंडाळून बांधा. म्हणजे चौकोनाची बाजू नेमकी २० सें.मी. येते. मोजपट्टीने एकेक कामटी मोजून कापू नका. पहिली कामटी नीट कापून घ्या आणि बाकीच्या तेवीस तिच्याच मापाने कापा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पहिल्या चौकोनात दिसत नाही, शेवटच्या जोडाला मात्र कोपरे भेटत नाहीत आणि मग ओढून बांधल्यावर सगळा सांगाडा वाकडा होतो.

सहा चौकोन झाले की त्यांतले चार कोपऱ्यावर उभे करा. शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधून त्यांचे कडे करा. आता वर चार टोके आणि खाली चार टोके मोकळी राहतात. वरच्या चार टोकांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे बांधा, खालच्या चारांना सहाव्याचे. चौकोनांच्या मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण हा सांगाडा हातात धरला की पिळवटतो आणि चपटा होऊ पाहतो. बांधणी चुकली असे समजून लोक जोडांवर जोड मारत बसतात. बांधणी बरोबरच असते. चौकोन हा आकारच ढिला, त्याला आवळणारे काही नसते. प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे आडवे-तिरपे ताणून बांधा. दोन्ही दोरे २८ सें.मी.च्या थोडे वर, सारख्याच लांबीचे आले म्हणजे चौकोन काटकोनात बसला. सहाही चौकोनांत असे दोरे पडले की सांगाडा घट्ट उभा राहतो. कागद लागल्यावर दोरे दिसत नाहीत.

पतंगाचा कागद ५० बाय ७५ सें.मी.चा मिळाला तर तीन ताव पुरतात. एका तावातून २२ सें.मी.चे सहा चौकोनी तुकडे निघतात. लागतात पाच, कारण वरचा चौकोन उघडा ठेवायचा असतो. उष्णता तिथून जाते आणि दिवाही तिथूनच आत उतरतो. दुसऱ्या तावातून साडेतेवीस सें.मी. बाजूचे त्रिकोण कापा. एक उलटा, एक सुलटा असे ठेवले तर दोन ओळींत दहा बसतात आणि आठ लागतात. उरलेले तुकडे फेकू नका, एखादा फाटतोच. तिसऱ्या तावाच्या लांबीच्या बाजूने तीन-तीन सें.मी. रुंदीच्या सोळा पट्ट्या निघतात. खालच्या चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला चार-चार लावल्या की शेपट्या झाल्या. त्रिकोणांना एक रंग आणि चौकोनांना दुसरा, एवढीच रंगसंगती पुरे. चार-पाच रंग घेतले की प्रत्येक रंगाचा ताव अर्धा वाया जातो आणि उजेडही गढूळ दिसतो.

चिकटवायला डिंकाची बाटली लागत नाही, खळ पुरते. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात आधी पूर्ण कालवून घ्या. मग अर्धा कप पाणी उकळून त्यात तो ओता आणि पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ढवळा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि पातळ कागदाखाली प्रत्येक गुठळी दिसते. बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर तुरटी घाला. पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, लहान मुलांचे हात खळीत असतात, तेव्हा ते नकोच. खळ कागदाला न लावता कामटीला लावा, आणि तीही पातळच. कागद ओला झाला की सैल पडतो आणि वाळताना आपणहून ताणला जातो. हे ठाऊक नसलेला माणूस ओला कागद ओढून बसवतो आणि रात्रीतून तो मधोमध फाटतो. सुरकुती राहिलीच तर कागद पूर्ण वाळल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, ती बसते.

आत पाच वॉटचा एलईडी दिवा लावा. जुने साठ वॉटचे पिवळे बल्ब कागद करपवत आणि कधी पेटवतही. होल्डर वायरीवर लोंबकळत ठेवू नका. वरच्या चौकोनावर एक आडवी जाड कामटी बांधा आणि होल्डर तिला बांधून मधोमध सोडा, म्हणजे दिवा सगळ्या कागदांपासून सारखाच दूर राहतो. कंदिलाचे वजन दोरीवर यावे, वायरीवर नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस दिवाळीला कधीकधी गाठतोच, म्हणून कंदील छपराच्या कडेला न टांगता दोन फूट आत घ्या. हरभट रोडवर प्लास्टिकचे घडीचे कंदील मिळतात, तेही टिकतात, त्यांच्याशी भांडण नाही. पण हा सांगाडा नीट बांधला तर पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा असतो, म्हणजे खर्च तीन तावांचा.

किल्ल्याबद्दल एवढेच सांगायचे आहे की बहुतेक किल्ले मातीमुळे फसतात. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना छान लिंपता येते, पण वाळताना आकसते आणि दुसऱ्याच दिवशी बुरुजांना बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन घमेली मातीत एक घमेले चाळलेली वाळू आणि दोन-तीन ओंजळी गव्हाचा भुसा मिसळा. आत विटांचे तुकडे आणि दगड रचून त्यावर चिखलात बुचकळलेले गोणपाट टाका. वरून मातीचा एक पातळ थर द्या, तो अर्धवट सुकल्यावर दुसरा. एकदम जाड थर दिला की तो सगळाच्या सगळा सुटून येतो. हिरवळीसाठी अळीव सगळ्यांत स्वस्त आणि लवकर उगवणारे. ते भिजवू नका. भिजले की बुळबुळीत होऊन गोळा होते आणि एकाच जागी पडते. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा आणि वर फडके टाकून दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. कोंब दिसले की फडके काढा. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो, म्हणून वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरा. आठ-दहा दिवस आधी पेरले तर ते उंच वाढून भाऊबीजेपर्यंत लोळते. दर वर्षी रायगड आणि प्रतापगडच का, वाळवा तालुक्यातला मच्छिंद्रगडही करायला सोपा आणि आपला आहे.

आता फराळ. इथे आमचे मत ठाम आहे: सात-आठ पदार्थांच्या मागे न लागता तीनच करा, पण चांगले करा. चिवडा, चकली आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू. तिघांनाही तूप लागत नाही, सुकामेवा लागत नाही आणि तिन्ही दोन आठवडे सहज टिकतात. करंजी-अनारशांचा मान मोठा आहे, पण त्यांत खर्च आणि जोखीम दोन्ही अधिक. त्या हौसेने कराव्यात, हिशेबात धरू नयेत.

चकलीवर सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक सामान तिच्यापायी वाया जाते. सुमारे एक किलो भाजणीसाठी तांदूळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, उडीद डाळ १२५ ग्रॅम, मूग डाळ ६० ग्रॅम, धने २५ ग्रॅम आणि जिरे १५ ग्रॅम. तांदूळ धुऊन फडक्यावर सावलीत पूर्ण वाळवा. प्रत्येक धान्य वेगळे आणि मंद आचेवर भाजा. एकत्र भाजले की धने करपतात आणि तांदूळ कच्चाच राहतो. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन हलके फुलले, डाळी गुलाबीसर होऊन खमंग वास सुटला की उतरवा. उडीद मापापेक्षा जास्त झाला तर चकली दातांना कडक लागते. गिरणीत भाजणी तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळून घ्या. गव्हावर दळली तर जात्यात राहिलेली कणीक तिच्यात उतरते आणि चकली चिवट होते. किलोभर भाजणीसाठी गिरणीवाला जाते झाडून देत नाही हे खरे. पाच घरांनी मिळून पाच किलो नेली तर देतो. एकत्र खरेदीचाही तोच फायदा: तेलाचा १५ किलोचा डबा पाच घरांत वाटला की प्रत्येकी तीन किलो येते, आणि गणपती पेठेत घाऊक भावाने डाळी घेता येतात.

पीठ मळताना चार वाट्या भाजणी, पाव वाटी कडकडीत तेलाचे मोहन, दोन छोटे चमचे मीठ, एक मोठा चमचा तिखट, दोन मोठे चमचे तीळ आणि थोडी हळद. तेल पिठावर ओतून चमच्याने कालवा, मग हाताने चोळा. अडीच ते तीन वाट्या उकळते पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात भाजणी पाणी पिते, तो वेळ वाचवू नका. पुढे सगळे पीठ एकदम मळू नये. एका घाण्यापुरता गोळा घ्या आणि कोमट पाण्याचा हात लावत लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळा. बाकीचे झाकलेलेच राहू द्या.

सोऱ्यातून चकली पाडताना ती तुटत असेल, कडा फाटून केसाळ दिसत असेल, तर पीठ कोरडे आहे किंवा कमी मळले आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, तेल वाढवू नका. घाबरून मोहन वाढवणे ही नेहमीची चूक. जास्त मोहनाची चकली पडते छान, पण तळणीत गेल्यावर विरघळल्यासारखी सुटते आणि कढईच्या तळाशी भुगा उरतो. तसे झालेच तर उरलेल्या पिठात मोहनाशिवायची कोरडी भाजणी दोन-तीन मूठ मिसळून, पाण्याने मळून घ्या, घाणा वाचतो. पहिल्या घाण्यात म्हणूनच एकच चकली सोडून पाहा.

तेल किती तापले हे पिठाचा तुकडा टाकून ओळखा. तो तळाशी जाऊन दोन-तीन क्षणांनी वर आला तर ठीक. लगेच वर येऊन लाल झाला तर तेल फार तापले आहे; अशा तेलात चकली बाहेरून रंगते, आत ओलसर राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. अनेक घरांत ‘डब्यात ठेवल्यावर मऊ पडली’ म्हणतात, तिचे खरे कारण डबा नसून हेच असते. तेल गार असेल तर चकली ते पिऊन तेलकट होते. मध्यम आचेवर चकली सोडली की तिच्याभोवती भराभर बुडबुडे येतात. ते जवळजवळ थांबले म्हणजे आतले पाणी गेले, तेव्हाच काढा. रंगावर जाऊ नका. एका वेळी कढईत मावतील त्यापेक्षा दोन कमीच सोडा, नाहीतर तेल एकदम निवते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने सगळा डबा जातो. किलोभर भाजणीच्या तीन वेढ्यांच्या मध्यम चकल्या सत्तर ते ऐंशी होतात.

चिवड्यात चुकण्यासारखे फार नाही. पातळ पोहे १ किलो, शेंगदाणे ३०० ग्रॅम, डाळे २०० ग्रॅम, खोबऱ्याचे काप १५० ग्रॅम, तेल २०० ते २५० मिलिलिटर, हिरव्या मिरच्या वीस-पंचवीस, भरपूर कढीपत्ता, मीठ चार छोटे चमचे, पिठीसाखर चार मोठे चमचे. हा सगळा मिळून पावणेदोन ते दोन किलो भरतो. पोहे चाळून दोन तास उन्हात ठेवा आणि मग मंद आचेवर कुरकुरीत करा. मोठ्या आचेवर ते आकसून गोळा होतात आणि पुन्हा उलगडत नाहीत. फोडणीत मिरची आणि कढीपत्ता कडकडीत होईपर्यंत तळा. चिवडा सादळतो तो बहुतेक वेळा ओल्या कढीपत्त्यामुळे. मीठ-साखर फोडणी उतरवल्यावर घाला. बेदाणे चिवड्यात घालायचे असतील तर चिवडा गार झाल्यावर. गरम फोडणीत ते आधी फुगतात आणि नंतर वातड होतात.

लाडवासाठी सव्वा किलो शेंगदाणे आणि ७५० ग्रॅम गूळ. दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, पूर्ण गार करा, सालपटे पाखडून काढा. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले की तेल एकदम सुटून त्यांची चटणी होते. गार दाण्यांचा आधी रवाळ कूट करा, मग किसलेला गूळ घालून दोन-तीन झटके द्या. इथे दाण्याचे तेल थोडे सुटते आणि गूळ मऊ होतो, तेच तुपाचे काम करते. लाडू वळताना फुटत असेल तर कूट जाडसर राहिला आहे, आणखी एक झटका द्या. दूध किंवा पाणी लावू नका, त्याने तो वळतो पण चार दिवसांत बुरसटतो. गूळ घट्ट आणि कोरडा हवा. चिक्कीचा गूळ यासाठी घेऊ नये, तो चिकट असतो. फार पांढुरका पिवळा गूळही नको, रंग उजळण्यासाठी त्यात हायड्रॉस नावाचे रसायन मारलेले असू शकते. मार्केट यार्डाच्या गावात राहून गूळ पारखून न घेणे बरे नव्हे. तीस ग्रॅमचे वळले तर साठ लाडू होतात. प्रत्येकी तीस ग्रॅम म्हणजे लिंबापेक्षा थोडे लहान. पहिला काट्यावर तोलून घ्या आणि बाकीचे नजरेने वळा.

भेटी देण्यासाठी हाच हिशेब पुढे न्यायचा. वर दिलेल्या मापांत दहा पिशव्या होतात. प्रत्येकीत चिवडा पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम, चकल्या सात, लाडू सहा. त्यात शंभर ग्रॅम बेदाणे आणि शंभर ग्रॅम हळद घातली की पाहुण्यांना द्यायला कसलीच कमी वाटत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पुण्या-मुंबईच्या बहिणीला दुसऱ्या राज्यात बनलेल्या चॉकलेटच्या खोक्यापेक्षा हे कितीतरी जवळचे, आणि त्याच पैशांत जास्त वजनाचे. बेदाणा बोटांनी दाबून पाहा: एकमेकाला चिकटून गोळा होत असेल तर ओल जास्त आहे, पुडीत आंबेल. हळद पूड घेण्यापेक्षा हळकुंडे घेऊन दळून आणा. चांगले हळकुंड खटकन मोडते आणि आत गडद नारिंगी दिसते. हळदीची पुडी पारदर्शक पिशवीत देऊ नका, उजेडाने तिचा रंग उडतो. घरकाम करणाऱ्या ताई, कचरा नेणारे दादा, सोसायटीचे वॉचमन यांनाही हीच पिशवी द्या. त्यांच्यासाठी वेगळी आणि हलकी पिशवी करण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

उटणेही याच पिशवीत जाते, पण त्याची जागा वेगळी हवी. ५०० ग्रॅम उटण्यासाठी मसूर डाळीचे पीठ २०० ग्रॅम, मुलतानी माती १०० ग्रॅम, संत्र्याच्या वाळल्या सालीची पूड ५० ग्रॅम, नागरमोथा ४० ग्रॅम, कपूरकाचरी ४० ग्रॅम, वाळा ३० ग्रॅम, गुलाबपाकळी २० ग्रॅम आणि आंबेहळद २० ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या दहा पुड्या होतात. वाळा आणि नागरमोथा घरच्या मिक्सरमध्ये दळले जात नाहीत, पाते मात्र जाते. काष्ठौषधींच्या दुकानातून त्यांची पूडच आणा. संत्र्याची साल हाताने कट्कन मोडेपर्यंत वाळवा. ती जराशी ओलसर राहिली तर महिन्याभरात सगळ्या उटण्याला बुरशी लागते. सगळे एकत्र करून वस्त्रगाळ करा, नाहीतर वाळ्याच्या बारीक काड्या अंगाला टोचतात. स्वयंपाकाची हळद वापरू नका, अंग पिवळे होते आणि टॉवेलचे डाग निघत नाहीत. काही ठिकाणी बावची घालायला सांगतात. तिने उन्हात गेल्यावर काहींच्या कातडीला पुरळ आणि डाग येतात, म्हणून ती पूर्ण टाळावी. लहान मुलाला लावण्याआधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहा. आणि जागा वेगळी हवी म्हणतो ती अशासाठी की कपूरकाचरीचा वास कागदातून जातो. फराळाच्या पिशवीत तसेच ठेवले तर संध्याकाळपर्यंत लाडवाला उटण्याचा वास येतो. पुडी घट्ट झाकणाच्या लहान डबीत किंवा पिशवीच्या बाहेर बांधून द्यावी.

पणत्यांबद्दल एकच. नव्या पणत्या चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून वाळवा, म्हणजे पहिल्या दिवशी त्या तेल पीत नाहीत.

राहिली पिशवी. आपल्याच दैनिकाच्या एका पानाची चांगली पिशवी होते. पानाची रुंदी साधारण ३४ आणि उंची साधारण ५४ सें.मी. असते. पान आडवे ठेवा, ५४ सें.मी.च्या बाजूने गोल वळवा आणि दोन सें.मी. एकावर एक घेऊन खळीने चिकटवा. २६ सें.मी. रुंदीची चपटी नळी तयार होते. दोन्ही बाजू आत ढकलून आठ-आठ सें.मी.च्या घड्या करा, म्हणजे पुढचा-मागचा भाग १८ सें.मी.चा होतो. वरचे तीन सें.मी. आत दुमडा. तळ सहा सें.मी.वर दुमडून उघडा, दोन्ही बाजूंचे पंख मधे आणून एकमेकांवर चिकटवा. तळाचा दुमड सहाऐवजी चार घेतला तर पंख नुसते टेकतात, एकमेकांवर येत नाहीत आणि तिथूनच पिशवी सुटते. आत तळाला साडेसतरा बाय साडेसात सें.मी.चा पुठ्ठा टाका. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम आणि नावाच्या चिठ्ठ्याही त्यातूनच निघतात. वरच्या दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी घालून मगच सुतळीसाठी भोके पाडा. एकेरी पानाची पिशवी अर्ध्या किलोपर्यंत ठीक, इथे वजन त्याहून जास्त आहे, म्हणून दोन पाने खळीने एकावर एक चिकटवून घ्या. ती पूर्ण वाळल्याशिवाय घड्या घालू नका.

फराळ मात्र थेट या कागदावर ठेवू नये. छपाईची शाई तेलात उतरते, आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिली आहे. आत बटर पेपरच्या पुड्या करा. चिवड्याची पुडी आणि चकलीची पुडी वेगळी ठेवा. लाडू सगळ्यांत खाली, तळावर. ते वर ठेवले तर चकल्यांचा चुरा होतो.

आपल्याला विनंती अशी. दिवाळीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे भाजणी, साली आणि कामट्यांना वेळ मिळेल अशा बेताने, पुरवणीचे एक पान लेखाऐवजी आखणीसाठी द्या. कंदिलाचा २२ सें.मी.चा चौकोन आणि साडेतेवीस सें.मी. बाजूचा त्रिकोण एकाखाली एक ठेवले तर साडेबेचाळीस सें.मी. उंची लागते, म्हणजे दोन्ही एकाच पानावर प्रत्यक्ष मापात बसतात. मुलांनी पान पुठ्ठ्यावर चिकटवून कापले की वर्षानुवर्षे टिकणारे साचे झाले. आणखी एक पान देता आले तर त्यावर पिशवीच्या घड्यांच्या रेषा तुटक छापा: २, ८ आणि १८ सें.मी.च्या उभ्या, ३ आणि ६ च्या आडव्या. ज्या घरात मोजपट्टी धरायला शिकवणारे कोणी नाही तिथेही त्या रेषांवर पिशवी होईल. या पानांच्या पाठीमागे गडद रंगाची पानभर जाहिरात तेवढी घेऊ नका. तिची शाई ओल्या खळीत उतरते आणि मुलांच्या हातांवरून पतंगाच्या कागदाला लागते.

आपल्या,
महिला बचत गटातील काही सभासद,
सांगली